साबुदाण्याच्या डब्यामागे

मने, रात्री पावणेतीनला तुझा मेसेज आला, ‘ताई, माझं दूध पुरतच नाहीये गं.’ फोन करणार होते, पण रिंग वाजली असती की आई उठली असती, मग सासूबाई, मग बाळ, आणि पहाटेपर्यंत तुझ्या दुधावर परिसंवाद झाला असता. म्हणून हे लिहितेय. बाळाला घेऊन बसशील तेव्हा एका हाताने वाच. एका दमात संपवायची गरज नाही.

आधी तुला एक कबुली देते. आईलाही हे माहीत नाही. थोरला झाला तेव्हा मी पावडरच्या दुधाचा डबा साबुदाण्याच्या डब्यामागे लपवून ठेवायचे. सिझर झालं होतं. ज्या दवाखान्यात होते तिथं पहिला दीड दिवस बाळाला माझ्याजवळ जेमतेमच दिलं, बाटली मात्र दिली. घरी आलो तर तो अंगावर धरायलाच तयार नाही. आणि घरात येणारी प्रत्येक बाई पहिला प्रश्न काय विचारणार? ‘काय गं, अंगावर पितो ना?’ मी हसून ‘हो’ म्हणायचे, बाळाला आतल्या खोलीत न्यायचे, दाराला कडी घालायचे आणि वाटी-चमचा काढायचे.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण डबा लवकर संपला तर घरात कळेल म्हणून मी पावडर कमी आणि पाणी जास्त घालायला लागले. खरं सांगू? मनात असंही होतं की पावडर जितकी कमी, तितकं पाप कमी. दीड महिन्याच्या लसीला गेलो आणि वजनकाटा बोलला. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘दूध कसं कालवता?’ मी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही त्याला पाणी पाजताय.’ वजन नंतर भरून निघालं, पोरगं आता पाचवीत आहे आणि एका बैठकीत चार पोळ्या खातं. पण ते वाक्य मला अजून टोचतं. पावडरने माझ्या बाळाचं काही बिघडवलं नव्हतं, बिघडवलं ते माझ्या लपवण्याने. म्हणून तुला आधीच सांगते: अंगावर पाज, वाटीने पाज, दोन्ही कर, पण जे करशील ते उजेडात कर आणि मोजून कर.

आता तुझा प्रश्न. दूध पुरत नाही हे कशावरून ठरवलंस? बाळ रडतं म्हणून? पंपाने काढून बघितलं तर तळाशी चमचाभरच दिसलं म्हणून? की छाती आता भरल्यासारखी वाटत नाही म्हणून? यातल्या एकावरही जाऊ नकोस. पंपाला बाळासारखं ओढता येत नाही. छाती हळूहळू मऊ पडते, कारण शरीर हिशोब शिकत असतं. आणि बाळ तर पोट भरूनही रडतं. त्याला शू झालेली असते, उकडत असतं, नाहीतर नुसतं कुणाच्या तरी अंगाशी असावंसं वाटत असतं.

हिशोब बाहेर काय येतं त्यावरून करायचा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत ६ किंवा जास्त ओल्या लंगोट्या, शूचा रंग फिकट; शी पिवळी, पातळसर, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली. म्हणून दिवसा डायपर नको, साधी लंगोटी बांध. डायपर सगळं पिऊन बसतो आणि मोजणारी हैराण.

दुसरा हिशोब वजनाचा. जन्मताना २ किलो ८५०, दवाखान्यातून निघताना २ किलो ६५०, आणि आई घाबरली. अगं, पहिल्या तीन-चार दिवसांत जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंत वजन उतरणं नेहमीचं आहे. दहाच्या घरात गेलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच. सातव्या दिवशी आशाताईंनी तोललं तेव्हा २ किलो ७५० होतं ना? म्हणजे चार दिवसांत शंभर ग्रॅम. पहिल्या महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ हवी असते, तुझं बाळ अगदी त्यातच आहे. दोन आठवड्यांच्या आत जन्मवजन गाठलं की झालं. पुढची खेप चौदाव्या दिवशी. तोपर्यंत रोज काट्यावर ठेवू नकोस, वेड लागेल.

आणि पहिल्या दिवशी ‘काही येतच नव्हतं’ म्हणून तू रडलीस, ते आठव. येत होतं की. तो चीक होता. गाईच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो आणि स्वतःचा चीक घट्ट, पिवळा आणि थोडा आला की ‘दूध नाही’ म्हणतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळेला साधारण २ ते १० मिलिलिटर पितं, म्हणजे फार तर दोन छोटे चमचे. चौथ्या दिवशी तेच ३० ते ६० वर जातं. तितकं त्याला लागतं आणि तितकंच शरीर देतं. सिझरनंतर दूध उतरायला कधीकधी एखादा दिवस जास्त लागतो, त्यात तुझी चूक काही नाही.

आता पकड. हे मला थोरल्याच्या वेळी कुणी दाखवलंच नाही. धाकटीच्या वेळी एक वयस्क सिस्टर होत्या. मी बाळावर वाकून, खांदे आवळून, दात-ओठ खात बसलेली. त्यांनी आधी बाळाला हातच लावला नाही. माझ्या पाठीमागे लोड सरकवला, पायाखाली पाट दिला आणि म्हणाल्या, ‘आधी तू टेक. आई ताठली की पान्हा अडतो.’ मग बाळाला पूर्ण कुशीवर वळवलं, पोटाला पोट. नाक स्तनाच्या बोंडासमोर. बोंडाने वरचा ओठ हलकेच चाळवला आणि थांबल्या. मी घाई करत होते, त्या थांबल्या होत्या. बाळाने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं आणि त्याच क्षणी त्यांनी पाठीला आधार देऊन तिला जवळ आणलं. लक्षात ठेव, बाळाला स्तनाकडे आणायचं. स्तन बाळाच्या तोंडात कोंबायचा नाही.

नुसतं बोंड तोंडात गेलं तर ते चिरणारच. भोवतालच्या काळ्या भागाचा बराचसा हिस्सा, त्यातही खालचा जास्त, आत जायला हवा. हनुवटी टेकलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर दुमडलेला. आधी भराभर चोखेल, मग लय संथ होईल आणि घोट गिळल्याचा आवाज येईल. ‘चुक चुक’ असा आवाज येत असेल, गालांना खळ्या पडत असतील किंवा पहिल्या काही क्षणांनंतरही कळ जात नसेल, तर पकड चुकली. ओढून काढू नकोस. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकव, हवा शिरते, पकड सुटते. पुन्हा लाव. दहा वेळा लाव. तुझ्या टाक्यांवर भार येत असेल तर बाळाला बगलेखालून, पाय पाठीकडे करून धर किंवा कुशीवर आडवी होऊन पाज. मात्र तुला झोप अनावर झाली तर बाळ उचलून शेजारी वेगळं, उताणं निजव.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं म्हटलं की घड्याळवाले नातेवाईक दचकतात. ‘दोन तास तरी जाऊ देत!’ जाऊ नको देऊस. बाळ मुठी चोखायला लागलं, तोंड वळवून शोधायला लागलं की पाज. रडणं ही शेवटची पायरी. रडून लालबुंद झालेलं बाळ नीट धरतही नाही. आणि संध्याकाळी पाच ते नऊ त्याचा जो सपाटा चालतो, सुटलं की पुन्हा, सुटलं की पुन्हा, त्याला उपासमार समजू नकोस. बऱ्याच तान्ह्यांचं असंच असतं. विहीर उपसली की पाणी वाढतं, तसं ते उद्याची मागणी नोंदवतंय. दूध बनवणारा प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतो, म्हणून रात्रीचं पाजणं सुरुवातीला चुकवू नये. आणि दूध सोडणारा ऑक्सिटोसिन तुझ्या मनाशी जोडलेला. दडपण, दुखणं, कुणीतरी समोर टक लावून बसलेलं, की तो अडतो. पान्हा फुटायला मोकळेपण लागतं हे आपल्या आज्यांना संप्रेरकाचं नाव न कळताही ठाऊक होतं.

डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेपू, बाळंतशोपा, सगळं आनंदाने खा. आळिवात लोह आहे, लाडवात ताकद आहे, आणि ते करणाऱ्या हातात माया आहे. पण दूध लाडवाने नाही, बाळाच्या ओढण्याने वाढतं. लाडू तुझ्यासाठी. आणि ‘बाळंतिणीने पाणी कमी प्यावं’ हे मात्र मुळीच ऐकू नकोस. तहान लागली की पी. पाजायला बसताना तांब्या हाताशी ठेव.

दुखण्याचंही बोलू. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली होती ना? तसं पुन्हा झालं तर पाजण्याआधी थोडा कोमट शेक, हाताने जरासं दूध काढून काळा भाग मऊ करायचा, मग बाळ लावायचं, आणि नंतर थंड पट्टी. बोंडाला चिरा पडल्या तर शेवटचे दोन थेंब तिथेच लावून वाऱ्यावर सुकू दे, आणि मुळात पकड सुधार. एका बाजूला लाल, गरम, दुखरा पट्टा आणि जोडीला थंडी-ताप आला तर डॉक्टरकडे त्याच दिवशी जायचं. त्या बाजूने पाजणं मात्र थांबवायचं नाही. दूध साकळून राहिलं तर दुखणं वाढतं.

आता सासूबाई. त्या वाईट नाहीत, त्यांना बाळाची काळजी आहे आणि काळजी व्यक्त करायला त्यांच्याकडे मध, साखरपाणी आणि गुटी आहे. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यात कधीकधी अशा जिवाणूची बीजं असतात जी आपल्याला काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात विष तयार करतात. सोन्याच्या वळ्याची हौस असेल तर वळं कपाळाला टेकवा, मध नको. पाणीही नको, उन्हाळा असला तरी. तुझ्या दुधात शंभरातले सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणीच आहे. सहा महिने फक्त दूध. अपवाद एकच, डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट. भांडू नकोस, तुझ्या डॉक्टरांवर ढकल. ‘मला चालेल हो, पण डॉक्टर रागावतात’ या वाक्याने महाराष्ट्रातले कितीतरी संसार टिकलेत. आणि सासूबाईंना एक मानाचं काम दे: ढेकर काढणं. बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत फिरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

एवढं सगळं करूनही लंगोट्या कमी भरल्या, वजन थांबलं, तर? तर वरचं दूध द्यायचं. यात आकाश कोसळत नाही. आधी डॉक्टर किंवा स्तनपान समुपदेशकाला तुझं पाजणं प्रत्यक्ष बघू दे. बऱ्याचदा गाडी तिथेच रुळावर येते. मग तुझंच काढलेलं दूध. तेही अपुरं पडलं तर तान्ह्यांसाठीची पावडर. गाईचं-म्हशीचं दूध पाणी घालून देऊ नकोस, वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून चालत नाही.

पावडरचं कालवणं माझ्याकडून शीक, मी चुकून शिकलेय. हात साबणाने धू. पाणी खळखळ उकळ आणि अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम, ७० अंशांच्या वर असतानाच वापर. पावडर निर्जंतुक नसते, ती गरमी तिच्यातले जंतू मारते. आधी पाणी मोजून घ्यायचं, मग त्याच डब्यातला चमचा सपाट भरून, सुरीच्या पाठीने वरचं सारखं करून. किती पाण्याला किती चमचे ते डब्यावर लिहिलेलं असतं. त्यात एक दाणा इकडे नाही, एक थेंब तिकडे नाही. पातळ केलंस तर बाळ उपाशी, घट्ट केलंस तर त्याच्या मूत्रपिंडावर ताण. मग वाहत्या पाण्याखाली धरून निववायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं. कालवलेलं दोन तासांत संपवायचं, बाळाचं उष्टं तासाभराच्या आत संपलं नाही तर फेकायचं. फेकताना जीव हळहळतो, पण फेकायचंच.

पाजायला बाटलीच हवी असं नाही. वाटी-चमचा किंवा आजीच्या काळचं बोंडलं उत्तम, धुवायला सोपं, आणि बाळ अंगावरची पकडही विसरत नाही. बाटली वापरलीस तर प्रत्येक वेळी ब्रशने घासून, निपलसकट उकळून. बाळाला थोडं बसतं धर, बाटली आडवी ठेव, मध्ये मध्ये थांब. उशीला टेकवून बाटली तोंडात देऊन कामाला जायचं नाही. आणि ते बाटलीने पितं तेव्हाही त्याच्या डोळ्यांकडे बघ. ते तुझं तोंड पाठ करत असतं.

एक गोष्ट सांगते, गंमत वाटेल. टीव्हीवर बिस्किटांपासून बनियनपर्यंत सगळ्याची जाहिरात असते, पण तान्ह्यांच्या दुधाच्या डब्याची कधी पाहिलीस? १९९२च्या कायद्याने ती बंद आहे, २००३मध्ये तो आणखी कडक झाला. कंपन्यांनी आयांच्या भीतीचा धंदा करू नये म्हणून तो कायदा आहे. मी मात्र तेव्हा असं वागायचे, जणू तो माझ्यावर नजर ठेवायला केलाय! कंपनीला आवरणं वेगळं आणि आईला लाजवणं वेगळं.

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दरवाजे बंद झाले, तान्हं घरी उपाशी, म्हणून ती गवळण रात्री कडा उतरली. आई झाल्यावर मला या गोष्टीत नवंच काहीतरी दिसलं. सगळे कड्याचं कौतुक करतात. खाली त्या बाळाला कुणी शेजारणीने दोन घोट पाजले असते तर तिला जीवावर उदार व्हावंच लागलं नसतं. आता असं थेट दुसरीने पाजणं नको, त्यातून आजार जाऊ शकतात. पण त्याच मायेची नीट तपासलेली सोय मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये उभी केली, आशियातली पहिली दुग्धपेढी. दात्या आयांची तपासणी होते, दूध पाश्चराइझ होतं आणि मुख्यतः दिवस न भरलेल्या, अशक्त बाळांना जातं. म्हणजे दूध कमी पडणं ही इतकी जुनी आणि इतकी सर्रास गोष्ट आहे की त्यासाठी पेढी काढावी लागली. तू एकटी नाहीस.

नोकरीचं आत्ता डोक्यात आणू नकोस. पहिलं बाळ, २६ आठवड्यांची रजा आहे, आणि परत गेल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या कायद्यानेच मिळतात. तेव्हा दूध काढून ठेवायचं शिकवीन: फ्रिजमध्ये चार दिवस, दारात नाही, आत मागे ठेवायचं, बाहेर चार तास, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं, मायक्रोवेव्हमध्ये नाही. आणि एसटीने इकडे येशील तेव्हा स्टँडवर पाजण्यासाठीचा हिरकणी कक्ष विचार. कुलूप असेल तर किल्ली माग, हक्काने माग.

काही गोष्टींना मात्र माझ्या मेसेजची वाट बघायची नाही. बाळ पाजायलाही उठत नाही, सहा-आठ तासांत लंगोटी ओली नाही, टाळू खोल गेली, अंग १००.४च्या वर तापलं, हिरवी उलटी झाली, पिवळेपणा पोटा-पायांपर्यंत उतरला, तर रात्र असो, पाऊस असो, गाडी काढायची.

आणि तुझं स्वतःचं. उगाच रडू येतंय, हे दोन आठवड्यांपर्यंत बहुतेकींना येतं. पण त्यापुढेही उठावंसं वाटेना, बाळ निजलेलं असूनही झोप येईना, नको नको ते विचार यायला लागले, तर मला सांग आणि डॉक्टरांना सांग. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर रात्रीही चालू असतो. थोरल्याच्या वेळी मी हेही साबुदाण्याच्या डब्यामागेच ठेवलं होतं.

बस आता. सकाळी आईला म्हणावं, दोरीवरच्या लंगोट्या काढताना मोज. मला फक्त आकडा पाठव. सहा किंवा वर असला तर मी एक लाडू जास्त खाईन. आणि पाच, चार, कितीही असला, तरी तोच पाठव. खरा.